हरणाच्या मोसमात समोर बॉबकॅट आला, तर बार काढायचा का?

रानवाट
गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. टेक्सासच्या हिल कंट्रीत, लॅनोच्या बाजूला आम्हा चौघांची डिअर लीज आहे. (टेक्सासात बहुतेक सगळी जमीन खासगी, त्यामुळे मालकाला वर्षाचे पैसे मोजूनच शिकारीला जाता येतं.) पहाटे साडेपाचपासून ब्लाइंडमध्ये, म्हणजे लपून बसायच्या खोपटात, बसलो होतो. सातच्या सुमारास फीडर (हरणांसाठी दाणे टाकणारं यंत्र) फिरला, मका उधळला, दोन माद्या आल्या. मागून नर येईल म्हणून दम धरून बसलोय, तोच माद्यांनी माना वर केल्या आणि पांढऱ्या शेपट्या उभारून धूम ठोकली. सीडरच्या झुडपातून बॉबकॅट, म्हणजे इथलं आखूड शेपटीचं रानमांजर, बाहेर आला. चाळीसेक पावलांवर. हरणांकडे ढुंकूनही पाहिलं नाही बेट्याने. मक्याला उंदीर येतात, त्यांच्यावर डोळा. पाच मिनिटं दगडासारखा बसला, एक उडी, तोंडात काहीतरी धरून परत झुडपात.

मी बंदूक उचलली नाही. परवाना खिशात होता, आणि इथे बॉबकॅटला ना मोसम, ना संख्येची मर्यादा. दुपारी मालकाला सांगितलं, तर म्हणाला, "परत दिसला तर सोडू नकोस." माझं मत असं: जे मी खाणार नाही आणि ज्याने माझं काही बिघडवलं नाही, ते फक्त समोर आलं म्हणून मारू नये. तुम्ही काय केलं असतं?

काडतूस
बार काढला असता. लीज तुझी असली तरी जमीन त्याची. त्याच्या रानातले टर्की पक्षी आणि हरणांची पाडसं बॉबकॅट नेतो, आणि तीच पाडसं मोठी झाली की तू पैसे भरून मारायला जातोस! हरणावर गोळी चालते, मांजरावर चालत नाही, कारण तुझ्या घरी सोफ्यावर एक बोका लोळतोय. याला तत्त्व म्हणत नाहीत, लाड म्हणतात.

वाघाटी
पाडसांचा मुद्दा अर्धा खरा. नेतो, नाही कोण म्हणतंय? पण तिथे पाडसं होतात उन्हाळ्यात. नोव्हेंबरापर्यंत त्यांच्या अंगावरचे ठिपके गेलेले असतात आणि ती आईच्या बरोबरीने पळतात. तेव्हा या सात-आठ किलोच्या जनावराचं पोट भरतं ते सशांवर आणि उंदरांवर. शिवाय एक मारला की त्याचा मोकळा झालेला मुलूख दुसरा येऊन धरतो. म्हणजे मालकाचा फायदा शून्य.

काडतूस
शून्य कसा? नवा येईपर्यंत एक हंगाम तर निघतो. आणि "खाणार नाही" म्हणाल तर मी खाल्लाय. मागची तंगडी, मालवणी मसाला, मंद आच. पांढरं मांस, डुकराच्या जवळ जाणारं. बायकोने मात्र ते भांडं परत स्वयंपाकघरात घेतलं नाही.

आता आकडे. १९८१ च्या अंदाजात अमेरिकेत बॉबकॅट होते सव्वासात ते दहा लाख. २०१० च्या अंदाजात २३ ते ३६ लाख. शिकार चालू असताना वाढले की!

वाघाटी
वाढले, पण मोकाट शिकारीमुळे नाही. १९७७ पासून त्यांचं कातडं आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात आहे, परदेशी पाठवायचं तर टॅग लागतो. कित्येक राज्यांत कोटा आहे, कुठे परवान्यांची सोडत काढतात. टेक्सासात यातलं शिकाऱ्याला काय लागू आहे? कितीही मारा. कॅलिफोर्नियाने तर २०२० पासून शिकार बंदच केली.

काडतूस
आणि कोलोरॅडोत २०२४ मध्ये बंदीचा प्रस्ताव मतदारांनीच पाडला, हेही सांगा की ताई.

दूरपुणे
हरीण मारायचं आणि मांजरावर दया दाखवायची! आपल्याकडे भारतात १९७२ पासून वन्यजीव संरक्षणाचा कायदा आहे, विषय संपला. तिकडे चितळसुद्धा मारता म्हणे?

रानवाट
मारतो. १९३०च्या दशकात इथे आणून सोडली, आता कळपच्या कळप झालेत. बाहेरचं जनावर म्हणून बारा महिने मोकळीक. पहिल्यांदा दुर्बिणीतून ठिपके दिसले तेव्हा ताडोबाच आठवलं, हात थरथरला. पण ते फ्रीजरमध्ये जातं आणि वर्षभर पुरतं. बॉबकॅटचं मी काय करणार? भुसा भरून हॉलमध्ये ठेवणार?

प्लेनोकर
आमच्या डॅलसच्या बाजूला नाल्याकाठी सर्रास दिसतात. दर महिन्याला व्हॉट्सॅपवर कुणीतरी "चित्ता आला" म्हणून फोटो टाकतं. एवढी वर्षं झाली, कुणाला ओरखडासुद्धा नाही. कोंबड्या मात्र सांभाळा.

नदीकाठ
मी पार दक्षिणेला, रिओ ग्रांदेच्या खोऱ्यात राहतो. इकडे ऑसेलॉट आहेत, तेही ठिपक्यांचं रानमांजरच. सगळ्या अमेरिकेत शंभराच्या आसपास उरलेत. मारला तर थेट केंद्राच्या कायद्याने गुन्हा. अर्ध्या उजेडात झुडपातून नुसतं डोकं आणि खांदा दिसला, तर हा कोण ते छातीठोक सांगता येईल? शेपूट दिसल्याशिवाय बोट ट्रिगरवर नेऊ नका. आखूड ती बॉबकॅटची, लांब ती ऑसेलॉटची.

काडतूस
हे मान्य. ओळख पटल्याशिवाय बार नाही, कुठल्याच जनावरावर. पण लॅनोत ऑसेलॉट नाहीत, तेव्हा रानवाटरावांना ही पळवाट नाही.

रानवाट
पळवाट लागणारच आहे. लीज नवी करायचीय, आणि मालकाने या वेळी कागदावर अट घातलीय: बॉबकॅट दिसला तर मारायचा. बाकी तिघे तयार आहेत. माझी सही राहिलीय.

काडतूस
कर सही. ब्लाइंडमध्ये तू एकटाच असतोस. दिसला की नाही, ते तूच सांगणार ना?