ड्रायर गरम होतंय पण कपडे ओलेच निघतात

ए-४०४: नमस्कार, ग्रुपवर कुणाकडे वॉशर-ड्रायर आहे का, म्हणजे एकाच मशीनमध्ये धुणं आणि सुकवणं दोन्ही होतं ते. आमचं धुतंय एकदम छान, स्पिन पण जोरात होतंय, पण ड्राय लावलं की तासन्‌तास फिरतच राहतं आणि शेवटी कपडे गरमगरम पण दमट निघतात. डिस्प्लेवर एरर काहीच नाही. सर्व्हिसवाला येऊन गेला, मशीन न उघडताच म्हणाला आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेलाय, साडेनऊ हजार होतील. सासरे अंथरुणाला खिळून आहेत, चादरी टॉवेल रोजच निघतात आणि आता हा सप्टेंबरचा पाऊस, बाल्कनीत काही वाळत नाही. काय करावं कळेना

सी-१०१: ताई, आपल्या सोलापुरात एवढं ऊन असताना ड्रायर कशाला लागतो, मे महिन्यात तासाभरात चादर वाळते. बोर्डाच्या पैशात दोन स्टँड येतील

ए-४०४: काका उन्हाळ्यात मी पण गच्चीवरच टाकते. पण आत्ता चादर दुपारपर्यंत लागतेच, आजारी माणसाला ओलसर चादर घालून नाही चालत, पाठीला जखमा होतात

सी-१०१: बरोबर आहे ताई. मग नीट करूनच घ्या

ए-३०३: वहिनी माझं पण सेम होऊलालंय गेले काही दिवस, मला वाटलं हीटर गेला

बी-२०२: वहिनी, बोर्डाचे पैसे आत्ता अजिबात देऊ नका. कपडे गरम निघतात म्हणजे हीटर चालूय आणि बोर्ड त्याला करंट देतोय. आधी एवढं सांगा, एका वेळी किती कपडे टाकता, ड्रायच्या वेळी मशीनचा नळ उघडा असतो का, ड्राय चालू असताना मागच्या पाइपातून अधूनमधून पाणी पडतं का, आणि ड्राय दिवसा लावता का रात्री

ए-४०४: मशीनवर ८ किलो लिहिलंय तेवढं भरतो आणि तेच पुढे सुकवायला. नळ उघडाच असतो पण सुकवायला पाणी कशाला लागेल? पाइपाचं बघावं लागेल. रात्री अकराला लावून झोपतो

बी-२०२: इथंच सगळं आहे बघा. मोठा मेसेज लिहितो, ज्यांच्याकडे असलं मशीन आहे त्यांनी सगळ्यांनी वाचा.

वेगळा मोठा ड्रायर असतो त्यातले बरेच गरम ओली हवा पाइपाने बाहेर सोडतात. आपल्या घरातल्या कॉम्बो मशीनला बाहेर पाइप नसतो, ती हवा आतल्या आत फिरवते. हीटर हवा तापवतो, पंखा ती ड्रममध्ये ढकलतो, कपड्यातलं पाणी वाफ होऊन हवेत येतं आणि ती हवा मागच्या कंडेन्सरमधून जाते. बऱ्याच मशीनमध्ये त्या कंडेन्सरमध्ये गार पाण्याची बारीक धार सोडलेली असते, तिच्यामुळे हवा गार होते, वाफेचं पाणी होतं आणि ड्रेन पंप ते बाहेर फेकतो. भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवून झाकणात गार पाणी ओतलं की खालून थेंब धरतात तसंच. आता ती गार धारच आली नाही तर वाफ जाणार कुठं, ती परत परत कपड्यातच फिरते, कपडे गरम आणि ओले, आणि मशीनला वाटतं अजून सुकले नाहीत म्हणून ते वेळ वाढवत राहतं. कित्येक मशीन याला एररपण दाखवत नाहीत. म्हणून सुकवताना नळ चालू पाहिजे.

काही मॉडेल नुसत्या हवेवर किंवा हीट पंपवर सुकवतात, त्यांना हे पाणी लागत नाही, तेव्हा मॅन्युअल एकदा बघून घ्या.

बी-४०३: म्हणजे आपल्या टाकीचं पाणी ड्रायरला पण जातंय? आधीच नळाला चार पाच दिवसांनी पाणी

बी-२०२: हो जातं. मॉडेलवर आहे, पण एका ड्रायमध्ये बादल्यांनी जातं. उजनी धरणात पाणी असून आपल्या नळाला कधी येतं ते आपल्याला माहीत आहे, म्हणून मी घरी गरजेलाच ड्राय लावतो. पण वहिनींच्या घरची गरज खरी आहे, तिथं काटकसर करायची जागा दुसरी

ए-४०४: पण रात्रीचं काय विचारलं तुम्ही

बी-२०२: रात्री अकराला वॉचमन गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करतो ना, पाणी वाचवायला. पहाटे पाचला उघडतो. तुमचा नळ उघडा आहे पण पाइप कोरडा. धुणं अकराच्या आधी उरकलं तर पाणी मिळतं, सुकवणं सुरू होतं तेव्हा पाणीच नाही. ३०३, तुम्ही पण रात्रीच लावता का

ए-३०३: हो राव, ऑफिसातून आल्यावर

सेक्रेटरी: व्हॉल्व्हचा ठराव मागच्या जनरल बॉडीत झालाय, टाकी ओव्हरफ्लो आणि काही फ्लॅटमध्ये रात्रभर फ्लश गळायचे म्हणून. एका मशीनसाठी उघडा ठेवता येणार नाही

बी-२०२: साहेब उघडा ठेवा कुणीच म्हणत नाही. ठराव बरोबरच आहे. फक्त सगळ्यांना कारण कळलं पाहिजे, नाहीतर घरोघरी बोर्ड बदलले जातील

ए-४०४: आज दिवसा लावून बघितलं, जरासा फरक आहे पण टॉवेल अजून दमटच. पाइपातून पाणी पडतंय पण अगदी थोडं

बी-२०२: मग दुसरं कारण पण आहे. संध्याकाळी शिफ्ट संपली की अक्कलकोट रोडवरून येतो, मल्टिमीटर घेऊन येतो. तोपर्यंत एक करा, मशीनचा नळ बंद करून नळी नळापासून सोडवा आणि त्याच नळाने १० लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो बघा

ए-४०४: साडेतीन मिनिटं लागली

बी-२०२: हे लई कमी आहे. तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर, टाकी तुमच्या डोक्यावर जेमतेम तीन मीटर. पाण्याची उंची एक मीटर असेल तर प्रेशर साधारण ०.१ बार मिळतं, म्हणजे तुम्हाला ०.३. बऱ्याच मशीनना कमीत कमी ०.३ ते ०.५ लागतं. खालच्या १०१ ला तेच पाणी बारा मीटरवरून येतं, त्यांना हा त्रास कधीच कळणार नाही. बी-४०३ तुमच्याकडे पण बघा. पण नळीच्या टोकाला जाळी असते, त्यात गाळ असेल तर आधी ती धुवा, मग प्रेशर वाढवायच्या पंपाचा विचार

बी-४०३: आमच्याकडे पण वरच, पण आम्ही ड्राय वापरतच नाही. टॉप लोड

ए-३०३: दादा माझ्याकडं प्रेशर चांगलंय, दिवसा लावलं तरी कपडे गारच निघतात. मग हीटर?

बी-२०२: आता लक्ष देऊन ऐका. ड्राय सुरू करून पंधरा वीस मिनिटांनी दाराची काच हाताने बघायची. काच गरम आणि आत थेंब थेंब, म्हणजे गरम होतंय पण वाफ जात नाही, पाण्याची बाजू. काच सुरुवातीपासूनच गार, म्हणजे हीटर, त्याचं थर्मोस्टॅट किंवा वायर. आणि आधी गरम झाली मग गार पडली तर हवेचा रस्ता बंद आहे, लिंटने, म्हणजे कपड्यातून सुटलेल्या बारीक धाग्यांनी, पंखा किंवा हवेचा डक्ट तुंबलाय, हीटरभोवती हवा फिरेना म्हणून सेफ्टी थर्मोस्टॅट त्याला बंद करतंय. तुमची कुठली?

ए-३०३: तिसरी. दहा मिनिटं गरम मग गार

बी-२०२: मग हीटर चांगला आहे, लिंट आहे. हीटर बघायचाच असेल तर प्लग काढून, एक वायर सोडवून मीटर लावायचा. २००० वॉटचा असेल तर २३० गुणिले २३० भागिले २०००, म्हणजे २६ ओहमच्या आसपास यायला पाहिजे, आणि हीटरच्या टोकापासून मशीनच्या बॉडीपर्यंत काहीच कनेक्शन दिसता कामा नये. थर्मोस्टॅट डायरेक्ट करून चालवायचा सल्ला कुणी दिला तर त्याला घरात घेऊ नका, लिंट पेट घेतं आणि ते थर्मोस्टॅट त्यासाठीच आहे. आणखी एक, तेलाने भरलेले स्वयंपाकाचे फडके, रॉकेल पेट्रोल लागलेले कपडे, फोमच्या उशा ड्रायरमध्ये नाहीच

सी-१०१: एवढं लिंट येतं कुठून?

बी-२०२: काका आपण सोलापूरचे, घरोघरी टेरी टॉवेल आणि जाड चादरी. नवीन टॉवेल पहिल्या काही धुण्यात किती धागा सोडतो ते कारखान्यात काम करणाऱ्याला विचारा. कॉम्बो मशीनमध्ये बऱ्याचदा लिंटची वेगळी जाळी नसते, निम्मं पाण्याबरोबर ड्रेन फिल्टरला येतं, उरलेलं ओल्या डक्टला चिकटतं आणि वाळून घट्ट बसतं. म्हणून नवीन टॉवेल दोनतीनदा नुसते धुवून उन्हात वाळवा, मग ड्रायरला

(दुसऱ्या दिवशी)

ए-४०४: सगळ्यांना सांगते. काल बी-२०२ चे दादा आले होते. मी आणि हे दोघं टॉर्च धरून उभे होतो म्हणून नीट पाहिलं. प्लग काढला, नळ बंद केला, खालचं छोटं दार उघडून आधी बारीक नळीने पाणी काढलं आणि ड्रेन फिल्टर फिरवून काढला. त्यातून एक केसांची पिन, दोन रुपयाचं नाणं आणि मरून रंगाच्या धाग्याचा ओला गोळा निघाला, मरून म्हणजे सासऱ्यांचे टॉवेल. मग वरचं झाकण काढलं आणि डक्टच्या तोंडात बोट घातलं तर आत लिंटचा थर हाताला लागला, तो ओढला तशी हातभर लांब पट्टी निघाली, एका बाजूने करडी आणि दुसऱ्या बाजूने मरून, दाबली तर पाणी गळत होतं. कुबट वास तिथूनच यायचा

बी-२०२: लिंट होतंच वहिनी, पण मुख्य गोष्ट मशीनच्या आतला पाण्याचा व्हॉल्व्ह होती, गच्चीवरचा नाही, ती मी लिहितो कारण ती बाकीच्यांना कामाला येईल.

पाण्याच्या इनलेटवर एकाच बॉडीत दोन किंवा तीन कॉइल, म्हणजे करंट मिळाला की पाणी सोडणारे व्हॉल्व्ह, असतात, एक धुण्याच्या पावडरच्या कप्प्याला, एक प्रीवॉशला, आणि एक कंडेन्सरला. कंडेन्सरचं तोंड मुद्दाम एकदम बारीक असतं, कारण तिथं धारच बारीक लागते. आपल्या इथं नळाचं पाणी पुरत नाही म्हणून बोअर मिसळतात, ते पाणी जड, त्याचा पांढरा क्षार त्या बारीक तोंडावर पहिल्यांदा बसतो. मोठी तोंडं उघडीच राहतात म्हणून धुणं एकदम छान चालतं आणि सुकवणं बंद पडतं, वहिनींनी पहिल्या मेसेजमध्ये नेमकं हेच लिहिलं होतं. कॉइल मी मीटरने मोजली, चार हजार ओहमच्या जवळ होती, म्हणजे कॉइल जिवंत, तोंड बंद. सुईने टोकरलं नाही, प्लास्टिकचं भोक मोठं झालं तर पाणी जास्त येतं आणि हवा नको तितकी गार होते. लिंबूसताच्या कोमट पाण्यात भिजत ठेवलं आणि क्षार सुटला.

हे पण समजून घ्या की ड्रममध्ये लिंबूसत टाकून गरम धुणं लावलं तर ड्रम आणि हीटर साफ होईल, पण ते पाणी या तोंडापर्यंत जात नाही. डिस्केल केलं म्हणजे कंडेन्सर पण साफ झाला असं होत नाही

ए-३०३: मग वहिनी आता सुकतंय का

ए-४०४: आज सकाळी सातला लावलं, निम्मेच कपडे, कारण दादांनी दाखवलं की मशीनवर धुण्याला ८ किलो आणि सुकवायला ५ किलो असं वेगळं लिहिलंय. पावणेतीन तासात कडकडीत निघाले, घडी घालून लगेच सासऱ्यांच्या पलंगावर घातली. स्पिन पण १४०० ला ठेवलं, आधी पाणी पिळून गेलं की हीटरला काम कमी

बी-२०२: टॉवेल एका बाजूला गोळा झाले की मशीन स्पिन कमी करून टाकतं, म्हणून त्यात दोनचार हलके कपडे घालायचे. आणि खालचे चार पाय टेकलेत का ते हलवून बघा, मशीन डुलत असेल तरी स्पिन चढत नाही. सॉकेट १६ अँपिअरचाच पाहिजे, एक्स्टेन्शन बोर्डवर ड्रायर कधीच नाही

सी-१०१: संध्याकाळी लाइट मंद होते तेव्हा पण उशीर होतो का हो

बी-२०२: होतो काका. व्होल्टेज १९० ला आलं की २००० वॉटचा हीटर १४०० च्या पण खाली काम करतो. आणि एप्रिल मेमध्ये वेगळीच गंमत, दुपारी टाकीचं पाणी हाताला चटका बसेल इतकं तापतं, त्या पाण्याने वाफ गार होईना. उन्हाळ्यात कुणाला लावायचंच असेल तर पहाटे पाचनंतर, व्हॉल्व्ह उघडला की

सेक्रेटरी: मी नोटीस बोर्डवर लावतो, वॉशर-ड्रायर रात्री ११ ते ५ वापरू नये, पाणी बंद असते. टाकी धुवायची पण वेळ झाली आहे, रविवारी करून घेऊ. गाळ जाळीत येतोय म्हणता तर

ए-४०४: सर टाकी धुताना आधी मेसेज टाका, त्या वेळी सगळ्यांनी मशीनचे नळ बंद ठेवायला पाहिजेत, नाहीतर सगळा गाळ जाळीत

सेक्रेटरी: टाकतो

ए-१०२: माझं साधं फ्रंट लोड आहे, ड्रायर नाही, पण दाराच्या रबरला काळं पडलंय आणि वास येतो

बी-२०२: काकू रबराची घडी उलटून पुसा, धुणं झालं की दार थोडं उघडं ठेवा आणि पावडर कमी करा, फ्रंट लोडची वेगळी येते ती, साधी पावडर फेस जास्त करते आणि तो फेस आत चिकटून वास मारतो. महिन्यातून एकदा रिकामं मशीन गरम पाण्यावर चालवा

ए-३०३: दादा उद्या माझा डक्ट उघडायचा आहे, वॉरंटी अजून चालू आहे

बी-२०२: मग स्क्रू फिरवू नका. ड्रेन फिल्टर आणि नळीची जाळी तुम्ही साफ करा, त्याने वॉरंटी जात नाही. डक्टसाठी कंपनीला कॉल करा आणि स्पष्ट सांगा, काच दहा मिनिटं गरम मग गार, हवेचा रस्ता तपासा. असं नेमकं सांगितलं की बोर्ड बोर्ड करत नाहीत

ए-३०३: आणि ते आले तेव्हा तुम्ही जरा याल का

बी-२०२: सकाळी दहाच्या आत बोलवा, मग मी शिफ्टला जातो