नवा मदरबोर्ड बसवला, पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही

प्रश्न :
जुना मदरबोर्ड बंद पडल्यामुळे मी घरी जोडलेल्या संगणकात बी५५० चिपसेटचा नवा बोर्ड बसवला आहे. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा भाग) जुनेच आहेत. बटण दाबल्यावर सगळे पंखे फिरतात, मात्र मॉनिटर काळाच राहतो आणि बोर्डावरील ‘डीरॅम’ या अक्षरांजवळचा दिवा विझत नाही. बोर्ड सदोष समजून परत करावा का?

प्रतिसाद १ :
एवढ्यात नको. पंखे फिरतात याचा अर्थ वीज पोहोचते आहे, इतकाच. तो दिवा सुरुवातीची तपासणी रॅमपाशी अडल्याचे सांगतो, त्यामुळे प्रोसेसर उपसण्याच्या भानगडीत पडू नका. एसएमपीएस बंद करून दोन्ही रॅम काढा आणि एकच रॅम प्रोसेसरकडून दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवा. अनेक बोर्डांवर स्लॉटच्या एकाच टोकाला खटका असतो. तो ‘टक्’ वाजला तरी दुसरे टोक किंचित वर राहिलेले असू शकते, म्हणून दोन्ही टोकांवर अंगठ्याने दाब द्या. पहिल्या वेळी बोर्ड रॅमशी जुळवून घेण्यात वेळ घालवतो, तेव्हा काही मिनिटे थांबा. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच जोडलेली हवी, कारण ५६०० मध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही.

प्रतिसाद २ :
तरीही जमले नाही, तर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून चालवून पाहावा. जुना बोर्ड मायक्रो-एटीएक्स (लहान आकाराचा) आणि नवा एटीएक्स (मोठ्या आकाराचा) असल्यास कॅबिनेटमध्ये राहून गेलेला एखादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर स्क्रूने बसवतात ती छोटी खुंटी) नव्या बोर्डाच्या मागील सोल्डरिंगला टेकून शॉर्ट होऊ शकतो.

प्रश्नकर्ता :
ग्राफिक्स कार्डाकडचे टोक खरोखरच वर राहिले होते! दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये रॅम नीट दाबल्यावर डिस्प्ले आला. पण आता विंडोज बिटलॉकरची (डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवणाऱ्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की मागत आहे.

प्रतिसाद १ :
बोर्ड बदलल्यावर असे होणे स्वाभाविक आहे, फॉरमॅट मात्र करू नका. विंडोज मायक्रोसॉफ्ट खात्याने वापरत असाल, तर फोनवरून त्याच खात्यात लॉगिन केल्यास ती की बहुधा तेथे सापडेल. विंडोज पुन्हा ॲक्टिव्हेट करावे लागले, तर रिटेल (स्वतंत्रपणे विकत घेतलेला) परवाना नव्या बोर्डावर नेता येतो, ओईएम (संगणकासोबत आलेला) परवाना मात्र जुन्या बोर्डाशीच बांधलेला असतो.