तालुक्याच्या गावातले आफ्रिकी विद्यार्थी : आपसातला आधारगट कसा बांधावा?

वर्धेकर : आमच्या कॉलेजात टांझानिया, सुदान, नायजेरियाची पोरं शिकतात. एसटीत शेजारची सीट रिकामी राहते, पोट्टे मागून "हबशी" ओरडतात, न विचारता फोटो काढतात. त्यांना आपसात गट करायचा आहे. सुरुवात कशी करावी?

शेवंताताई : भाऊ, बैठक त्यांचीच असू द्या. आपण गावकरी मधात बसलो की पोरं आपल्याला बरं वाटेल तेवढंच बोलतात. वार ठरलेला, तासभर. आधी ऐकायचं, मागितला तरच सल्ला. भाषा पहिल्याच दिवशी ठरवा. सुदानी अरबीत अन् टांझानियाचे स्वाहिलीत बोलले की बाकीचे एकटे पडतात. असे गट मोडतात ते सगळं एकाच सीनियरवर पडल्यानं, म्हणून रात्री अडचणीचा फोन कोण घेणार याची पाळी लावा.

उमरेडकर : नव्या पोराला जुना जोडीदार द्या. व्हिसा 180 दिवसांहून जास्त असेल तर आल्यापासून 14 दिवसांत परदेशी नागरिक म्हणून ऑनलाइन नोंदणी, आणि घरमालकानं 24 तासांत परदेशी भाडेकरूची माहिती देणारा फॉर्म (जुनं नाव फॉर्म सी) भरायचा. या फॉर्मलाच घाबरून मालक खोली नाकारतात. सोबत बसून भरून द्या. मारहाण झाली तर 112 ला फोन, मग कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर (हद्द न पाहता नोंदवतात ती तक्रार); प्रत फुकट मिळते. तारीख, जागा, नेमके शब्द त्याच रात्री लिहा. उशीर झाला की साक्षीदार फिरतात.

वर्धेकर : अन् आपलं काम?

शेवंताताई : पोट्ट्यांना जागच्या जागी टोका. एसटीत त्या रिकाम्या सीटवर बसा.