शंखप्रक्षालनाने लिव्हर साफ होतं का? (ऑनलाइन चर्चा; उत्तर देणाऱ्यांची टोपणनावं)

औसेकर: सोनोग्राफीत ग्रेड 1 फॅटी लिव्हर (लिव्हरमध्ये थोडी चरबी), वजन 80 किलो, शुगर नाही. योगवर्गात लघु शंखप्रक्षालन (मिठाचं पाणी पिऊन पोट साफ करणं) शिकवायलेत, ‘यकृत धुऊन निघतं’ म्हणतात. व्हॉट्सॲपवर वेगळंच फिरायलंय: ऑलिव्ह तेल, लिंबू, एप्सम सॉल्ट (जुलाब करणारं मीठ), सकाळी हिरवे खडे पडतात म्हणे. काय करावं? पाणी-मिठाचं नेमकं माप काय?

सकाळचा कोमट ग्लास: शंख म्हणजे आतड्यांची वेटोळी. हठयोगाच्या जुन्या ग्रंथातली, घेरंड संहितेतली वारिसार धौती ती हीच. पाणी तोंडातून गुदद्वारापर्यंत जातं. यकृत त्या वाटेवर नाहीच, मग धुणार काय? पोट मात्र साफ होतं.

माप असं, 1 लिटर कोमट पाण्याला 9-10 ग्रॅम मीठ, चहाचे दोन सपाट चमचे भरायला थोडे कमी. एवढा खारटपणा रक्ताच्या जवळचा, म्हणून पाणी आतड्यात फारसं न मुरता पुढं सरकतं. मीठ कमी पडलं तर सगळं लघवीवाटे जातं अन् माणूस म्हणतो, ‘मला लागूच पडलं नाही.’ जास्त झालं की मळमळ, उलटी. आपल्याकडं बोअरचं पाणी मुळातच क्षारांचं, माप तिथंच चुकतं, जारचं घ्या.

उपाशीपोटी 2 ग्लास, मग ताडासन, तिर्यक ताडासन, कटिचक्रासन, तिर्यक भुजंगासन, उदराकर्षणासन, प्रत्येकी 8 वेळा. असे तीन फेरे. संडासला लागलं नाही तरी कुंथू नका. अर्ध्या तासानं मऊ मूगडाळ-खिचडी, वर तूप. त्या दिवशी दूध, ताक, ठेचा बंद. मे महिन्याच्या उन्हात करूच नका. जुलाबानं आधीच पाणी गेलेलं असतं.

पित्ताशय: व्हॉट्सॲपवाले ते हिरवे खडे म्हणजे साबण! तेल अन् पाचकरस मिळून पोटातच गोळे बनतात. 2005 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात असे खडे तपासल्याचं छापून आलं: कोलेस्टेरॉल नाही, बिलीरुबिन नाही, 40 अंशाला वितळले. अन् ज्याला पित्ताशयात खरेच खडे आहेत त्यानं एवढं तेल प्यायलं की पित्ताशय जोरात आवळतं, खडा पित्तनळीत अडकू शकतो. मग कावीळ, ॲडमिट.

करडीचं तेल: लिव्हरची चरबी वजनानं उतरते. 7 ते 10 टक्के, म्हणजे 80 किलोवाल्यानं 6-8 किलो, सहा-आठ महिन्यांत. एकदम उपाशी राहून नाही. आधी दिवसाचे चार साखरेचे चहा अन् थंडाच्या बाटल्या बंद, दारूही. ज्वारीची भाकरी चांगली, पण चार खाल्ल्या तर तीही चरबीच. दोन भाकरी, अंबाडीची भाजी, घट्ट वरण, जवसाची चटणी. हठयोगातला मिताहार हाच: अर्धं पोट अन्न, पाव पाणी, पाव रिकामं.

गुळवेलीचा काढा मनानं सुरू करू नका. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांत लिव्हरला इजा झाल्याचे रुग्ण नोंदवलेत. सारखी दिसणारी दुसरी वेलही बाजारात खपते.

औसेकर: बोअरचं ध्यानात नव्हतं. बीपीची गोळी चालू आहे, हे लिहायचं राहिलं. शंखप्रक्षालन चालेल?

सकाळचा कोमट ग्लास: नाही. सहा ग्लासांत 13-14 ग्रॅम मीठ जातं. हृदयाचा, किडनीचा त्रास, अल्सर, हर्निया, गरोदरपण, यांनाही नाही. तुम्ही नुसतं कटिचक्रासन करा, रोज 40 मिनिटं भरभर चाला.