मदत हवी आहे : ‘पायऱ्या’ एकदा सापडतं, एकदा सापडत नाही

नमस्कार मंडळी. पुतणीला प्रोग्रॅमिंग शिकवता यावं म्हणून मराठी शब्दांची एक छोटी भाषा बनवतोय. त्यात ‘जर’, ‘नाहीतर’, ‘जोवर’, ‘दाखव’ एवढंच आहे. कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम संगणकाला चालवता येईल अशा रूपात आणणारा) पायथनमध्ये लिहिलाय. पार्सर (वाक्यरचना ओळखणारा भाग) नीट चालतो, अडलंय ते लेक्सरमध्ये, म्हणजे मजकुराचे शब्द वेगळे करणाऱ्या भागात.

आधी ‘किंमत’चे तुकडे पडायचे, कारण पायथनमधलं ‘इझअल्फा’ (चिन्ह अक्षर आहे का ते सांगणारं फंक्शन) वेलांटीला आणि अनुस्वाराला अक्षर मानत नाही. ‘इझआयडेंटिफायर’ (शब्द नाव म्हणून चालेल का ते सांगणारं) वापरल्यावर ते सुटलं.

आता खरी अडचण. पुतणीने तिच्या लॅपटॉपवर ‘पायऱ्या = ५’ लिहिलं, पुढची ओळ मी माझ्या मशीनवर लिहिली, आणि कंपायलर म्हणतो असं चलच (व्हेरिएबल) नाही! पडद्यावर दोन्ही शब्द अगदी सारखे. युनिकोड क्रमांक (प्रत्येक चिन्हाचा संगणकातला ठरलेला क्रमांक) छापले तेव्हा कळलं, तिच्याकडे ०९३१ म्हणजे ‘ऱ’ आणि हलन्त आहे. माझ्याकडे साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे (झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडायला सांगणारं चिन्ह). एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी युनिकोड रूपं सारखी करणं) करून पाहिलं, पण ते या दोन्हींना एक करत नाही.

झेडडब्ल्यूजे सरसकट काढावा तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्र एकच कसे चालतील?

म्हणून लेक्सरच्या आधीच ‘र, हलन्त, झेडडब्ल्यूजे’ या क्रमाचं ‘ऱ, हलन्त’ करायचा विचार आहे. हे बरोबर आहे का? अवतरणातल्या मजकुरालाही लावू की फक्त चलांच्या नावांना? मराठीत अशा आणखी जागा कोणाला माहीत असतील तर कृपया सांगा.