तीन वर्षांच्या एलएल.बी.ला नक्की काय शिकवतात? (सोलापूर)

प्रश्न (मामा_सोलापूर): भाचीचं बी.कॉम. झालं. सीईटी देऊन इथंच सोलापुरात एलएल.बी. करायचं म्हणतेय. घरात आयपीसी (भारतीय दंड संहिता), सीआरपीसीची (फौजदारी प्रक्रिया संहिता) जुनी पुस्तकं पडून आहेत, ती चालतील का? आणि तीन वर्षं नुसती कलमं पाठ करायची, की कोर्टातलं कामही शिकवतात?

उत्तर (रोजनामा): दादा, पुस्तकं रद्दीत घालू नका, पण परीक्षेचा अभ्यास त्यांवर नको. १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमांची ३५८ झाली. खुनाची शिक्षा ३०२ मधून १०३ मध्ये गेली, ४२० चं ३१८(४) झालं. मात्र त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याला आयपीसीच लागू, आणि आजवरचे बहुतेक निकाल जुन्या आकड्यांतच आहेत. वहीत डावीकडे जुनं कलम, उजवीकडे नवं, अशी सवय पहिल्या दिवसापासून लावा.

उत्तर (कैफियत): बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या (वकिलांची आणि कायदा शिक्षणाची देशातली नियामक संस्था) २००८ च्या नियमांत सक्तीचे २०, प्रात्यक्षिकाचे ४ आणि किमान ६ ऐच्छिक पेपर आहेत. करार, अपकृत्य (टॉर्ट, म्हणजे दुसऱ्याच्या चुकीनं झालेल्या नुकसानीची भरपाई), कौटुंबिक कायदा, संविधान, मालमत्ता, पुरावा, कामगार कायदे वगैरे. कोणत्या सत्राला काय, ते विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात बघा. बी.कॉम.वाल्यांना कंपनी कायदा आणि कर सोपे जातात. अडतं ते दिवाणी प्रक्रिया संहितेपाशी. १५८ कलमं, वर ५१ ऑर्डरी (नियमांचे गट). नुसतं वाचून डोक्यात राहत नाही. एखाद्या जुन्या दाव्याची प्रत शेजारी ठेवून ऑर्डर ७ (दावा कसा लिहायचा ते) वाचायची, मग उमजतं.

खरं काम ड्राफ्टिंगच्या पेपरात आहे: दावे-अर्जांचे १५ मसुदे ४५ गुणांना, खरेदीखतासारखे १५ दस्त ४५ गुणांना, तोंडी १०. मुलं आदल्या वर्षीची फाईल उतरवतात आणि तिथंच फसतात. गट नंबर एका जमिनीचा, चतुःसीमा दुसरीच्या. दाव्यास कारण (ज्या घटनेमुळे दावा लावायची वेळ आली ती) कधी, कुठं घडलं तो परिच्छेदच गायब. कोर्टात तेवढ्यावरून ऑर्डर ७ नियम ११ खाली दावा नामंजूर होऊ शकतो. कोर्ट फी कमी भरली असेल तर भरायला मुदत तरी मिळते.

उत्तर (सरतपासणी): मूट कोर्टच्या (काल्पनिक खटल्यात युक्तिवादाचा सराव) पेपरात तीन मूटना ३० गुण. एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला कोर्टात बसून पाहायचा, त्याला ३०. एकाच तारखेला जाऊन डायरी भरू नये. सरतपासणी (साक्षीदाराला त्याच्याच बाजूच्या वकिलानं विचारलेले प्रश्न) एका दिवशी, उलटतपासणी भलत्याच तारखेला होते. इंटर्नशिप एकूण किमान १२ आठवडे, पण एका वर्षात सलग चारपेक्षा जास्त चालत नाही. म्हणून शेवटच्या वर्षावर ढकलू नका. उच्च न्यायालयाचं कामही आता कोल्हापूरच्या सर्किट बेंचला (मुंबईबाहेर बसणारं उच्च न्यायालयाचं खंडपीठ) बघता येईल, सोलापूर जिल्हा तिकडेच जोडलाय.

मामा_सोलापूर: आभार. दिवसभर नोकरी करून जमेल का तिला?

रोजनामा: नाही हो. प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी लागते. संध्याकाळी कर सल्लागाराकडे दोन तास बसली तर चालेल.