ब्रेनवेव्ह हेडसेटचा सिग्नल टिकत नाही: कपाळ, कान की ब्लूटूथ?

लहरमापे
हेडसेट साधा आहे: कपाळावर एक कोरडा सेन्सर, डाव्या कानाच्या पाळीला चिमटा, पुढे ब्लूटूथ. कच्चा डेटा पायथॉनमधून वाचतो. सिग्नलच्या दर्जाचा आकडा मिनिटभर ० राहतो, मग २६, ५१ आणि मधूनच थेट २००. तेवढा वेळ 'अटेन्शन' (एकाग्रतेचं माप) एकाच आकड्यावर अडकून राहतो. कपाळ पुसलं, पट्टा आवळला, तरी तेच. लॅपटॉप चार्जरवर असतो. आधी काय तपासू?

कोरडा सेन्सर
आधी कान. थिंकगिअर चिपच्या (मेंदूच्या लहरी वाचणारी न्यूरोस्कायची चिप) हेडसेटमध्ये ० म्हणजे संपर्क चांगला आणि २०० म्हणजे सेन्सर कातडीला लागलेलाच नाही. संपर्क बिघडला की अटेन्शनचं नवं मूल्य निघत नाही, जुनंच दिसत राहतं. त्यामुळे त्या आकड्याच्या मागे लागू नका, कच्ची लहर बघा.

यंत्र मोजतं तो कपाळ आणि कान यांच्यातला फरक. मेंदूची लहर कातडीवर साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्टचीच असते, म्हणून चिमटा जरा हलला तरी सगळी रेघ उसळते आणि दोष मात्र कपाळावर येतो.

कानातलं काढा. पाळी दोन्ही बाजूंनी स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, अर्धा मिनिट वाळू द्या, मग ओलं बोट फिरवा. चिमट्याचा धातूही पुसा. चिमटा पाळीच्या मांसल भागावर असा लावा की धातू दोन्हीकडून सपाट टेकेल. कडेला लावला तर घसरतो. वायरला थोडी ढील ठेवून ती चिकटपट्टीने कॉलरला लावा, म्हणजे मान वळवली तरी ताण चिमट्यावर येणार नाही.

कपाळावर सेन्सर डाव्या भुवईच्या वर, खाली एकही केस नको. पट्टा आवळू नका. कपाळाचे स्नायू ताणले जातात आणि त्यांची खरखर साधारण २० हर्ट्झच्या पुढे सगळीकडे मिसळते. लावल्यावर ३ ते ५ मिनिटं थांबा. धातूखाली घामाचा पातळ थर जमला की कोरड्या सेन्सरचा संपर्क आपोआप सुधारतो.

पन्नास हर्ट्झ
वरच्या उत्तराला जोड. चार्जर काढा, लॅपटॉप बॅटरीवर चालवा. घरातल्या विजेची ५० हर्ट्झची लहर अंगावर येतेच (काही देशांत ६०). दोन्ही संपर्क सारखे असले की ती वजाबाकीत जवळपास नाहीशी होते. एक कच्चा असेल तर उरते. म्हणून स्पेक्ट्रममधला (कोणत्या हर्ट्झला किती जोर ते दाखवणारा आलेख) ५० चा सुळका हा संपर्क तपासायचा चांगला उपाय आहे. चिमटा दाबून धरल्यावर सुळका बसला, तर दोष तिथेच. नॉच फिल्टर (फक्त ५० हर्ट्झ गाळणारा) सगळ्यात शेवटी लावा. ॲम्प्लिफायर टोकाला जाऊन लहर वरून कापली गेली असेल, तर फिल्टर तो भाग परत आणू शकत नाही.

चेकसम
संपर्काचा दोष आणि डेटा गळणं यांत गल्लत होते. संपर्क वाईट असेल तर रेघ खरखरीत होते किंवा भरकटते. पॅकेट (डेटाचे छोटे गठ्ठे) गळले तर रेघ स्वच्छ असते, पण मधेच पायरीसारखी उडी दिसते.

हिशोब करा: सेकंदाला ५१२ नमुने, प्रत्येक पॅकेट ८ बाइटचं, म्हणजे ४०९६ बाइट. ५७६०० बॉडला (सेकंदाला तितके बिट, एका बाइटला १०) ५७६० बाइट मावतात, ९६०० ला कच्चा डेटा मावणारच नाही. वाचणाऱ्या लूपमध्येच आलेख काढत असाल तर बफर (आलेला डेटा थांबतो ती जागा) तुंबतो; वाचन वेगळ्या थ्रेडमध्ये (समांतर चालणाऱ्या कामात) ठेवा. चेकसम (पॅकेट शाबूत आलं का ते तपासणारा आकडा) जुळला नाही तर पॅकेट टाकून द्या, पण किती टाकली ते मोजत राहा. राउटर २.४ गिगाहर्ट्झवर असेल तर लांब ठेवा. ब्लूटूथचा डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टला असेल तर छोट्या एक्स्टेंशन वायरने बाजूला काढा, त्या पोर्टचा गोंगाट याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो.

लहरमापे
पाळी पुसून चिमटा नीट लावला, चार्जर काढला. १० मिनिटं आकडा ० वर आहे. पण डोळे मिटल्यावर अल्फा (मेंदूच्या लहरींचा एक पट्टा) वाढायला हवा ना? जेमतेम वाढतो.

कोरडा सेन्सर
अल्फा (८ ते १२ हर्ट्झ) डोक्याच्या मागच्या भागात सर्वांत ठळक असतो, कपाळावर फिका. एका सेकंदाच्या तुकड्यावर विसंबू नका. २० सेकंद डोळे उघडे, २० सेकंद मिटलेले, अशा ५ फेऱ्या घ्या. ४ सेकंदांच्या खिडक्या (डेटाचे तुकडे) निम्म्या एकमेकींवर ठेवून सरासरी काढा. ज्या खिडकीत वरचं टोक ते खालचं टोक १५० मायक्रोव्होल्टच्या वर जाईल ती टाकून द्या, तिथे बहुधा पापणी लवलेली असते. डोळे मिटतानाचा आणि उघडतानाचा पहिला सेकंदही वगळा.

त्याआधी मुद्दाम ५ वेळा पापण्या मिटा. पाच स्पष्ट उंचवटे दिसले नाहीत, तर अल्फा शोधू नका, पुन्हा चिमटा बघा.